पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांचे कार्य पूर्ववत होणे : शास्त्रीय कारणे व घरगुती शुश्रूषा (कडेगाव परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

पित्ताशयातील खड्यांमुळे पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आज सर्वत्र मोठ्या प्रमाणावर केली जाते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव हे तालुक्याचे गाव कऱ्हाड-विटा मार्गावर वसलेले असून येथील रुग्ण अशा शस्त्रक्रियेसाठी प्रामुख्याने कऱ्हाड, विटा अथवा सांगली-मिरजेस जातात. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले, तर १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी मिरजेस जाणे या भागातील लोकांना नवे नाही. बदल झाला आहे तो रुग्णालयातील वास्तव्याच्या कालावधीत. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ रुग्णालयात राहत असे. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तो बहुधा एक-दोन दिवसांत घरी परततो.

या बदलाचा एक परिणाम मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. आतड्यांचे कार्य पूर्ववत होण्याचा काळ पूर्वी परिचारिकेच्या देखरेखीखाली जात असे, तो आता घरी जातो. 'वारा सरला का?' हा प्रश्न आता घरच्या माणसांनी विचारावयाचा असतो आणि उत्तर नकारार्थी आल्यास पुढे काय करावयाचे, हेही त्यांनीच ठरवावयाचे असते. हे ठरविताना उपयोगात आणले जाणारे नियम पुष्कळदा जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातील असतात. पाणी द्यायचे नाही, हालू द्यायचे नाही, तेल-तूप वर्षभर बंद, ही त्यांची उदाहरणे होत.

प्रस्तुत लेखात शस्त्रक्रियेनंतर आतडी का मंदावतात, त्यांचे कार्य कोणत्या क्रमाने सुरू होते, त्यास घरी कशी मदत करता येते आणि कोणत्या लक्षणांना 'आतडी मंद आहेत' असे समजून दुर्लक्षिणे धोक्याचे ठरते, या चार बाबींचे विवेचन केले आहे.

पित्त व पित्तरस : शब्दांचा घोटाळा

या विषयासंबंधीच्या अनेक गैरसमजांचे मूळ 'पित्त' या शब्दात आहे. मराठीत हा शब्द किमान चार अर्थांनी वापरला जातो. आयुर्वेदातील तीन दोषांपैकी एक म्हणजे पित्त. छातीत जळजळ होऊन आंबट ढेकर येतात तेव्हा 'पित्त झाले' असे म्हणतात, ते वस्तुतः जठरातील आम्ल असते. अंगावर गांधी उठल्या तरी 'पित्त उठले' असेच म्हटले जाते. चौथा अर्थ म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पित्तरस. पित्ताशयाचा संबंध केवळ या चौथ्या अर्थाशी आहे. म्हणून पित्ताशय काढल्यावर 'पित्ताचा त्रास कायमचा जाईल' ही अपेक्षा जितकी चुकीची, तितकीच 'आता शरीरात पित्तच राहिले नाही, अन्न पचणार कसे?' ही भीतीही निराधार होय.

यकृत दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस निर्माण करते. पित्ताशय ही या रसाची कोठी असून तिची क्षमता अवघी ३० ते ५० मिलिलिटर असते. उपाशीपोटी पित्तरस तेथे साठतो व दाट होतो. स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात पोहोचले की तेथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक स्रवते, पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्तरस आतड्यात येतो. पित्ताशय काढल्यानंतर यकृताचे कार्य जसेच्या तसे चालू राहते. फरक एवढाच की, कोठी नसल्यामुळे पित्तरस जेवणाची वाट न पाहता थोडा थोडा सतत आतड्यात उतरत राहतो. पुढे येणाऱ्या आहारविषयक सूचनांचा आधार हाच आहे.

शस्त्रक्रियेचे बदलते स्वरूप :

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे केली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेऊनच ही शस्त्रक्रिया होत असे. १९८५ साली जर्मनीतील एरिख म्यूहे यांनी व १९८७ साली फ्रान्समधील लियाँ येथे फिलिप मुरे यांनी ती दुर्बिणीच्या साहाय्याने केली. भारतात या पद्धतीचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. विशेष म्हणजे त्यांनी हे तंत्र सार्वजनिक रुग्णालयात, सामान्य रुग्णांसाठी वापरले. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतता येणे, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर तीन-चार लहान छिद्रे घेतली जातात आणि आत काम करण्यास जागा मिळावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगविले जाते. शस्त्रक्रियेनंतर यातील उरलासुरला वायू श्वासपटलाखाली राहून त्यास चेतवितो व त्याची वेदना खांद्यात जाणवते. हा वायू आतड्यांच्या आत नसून बाहेर, उदरपोकळीत असतो. तो रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणजे खांदा दुखण्याचे कारण असणारा वायू आणि गुदद्वारावाटे सरणारा वारा या दोन भिन्न गोष्टी आहेत. खांदादुखीवर ओवा-हिंग उपयोगी पडत नाही, ती दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते.

आतडी का मंदावतात?

शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल काही काळ थंडावते. १९०६ साली अमेरिकेतील वॉल्टर कॅनन व त्यांचे सहकारी मर्फी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने प्राण्यांवर प्रयोग करून शस्त्रक्रियेतील विविध घटकांचा जठर व आतड्यांच्या गतीवर होणारा परिणाम तपासला. आतड्यांना हाताळल्यामुळे त्यांची गती फार मंदावते, हे त्यातून दिसून आले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आतड्यांना होणारा स्पर्श अल्प असल्याने गती लवकर परतते, त्यामागील कारण हेच. आज ज्ञात असलेली कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) चेतासंस्थेची प्रतिक्रिया : इजा झाली की अनुकंपी चेतासंस्था जागृत होते आणि पचनासारखी तातडीची नसलेली कामे स्थगित करते.

२) दाह : हाताळणीमुळे आतड्याच्या भित्तिकेत सौम्य दाह निर्माण होतो व स्नायूंचे आकुंचन मंदावते.

३) औषधे : मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल यांसारखी अफूवर्गीय वेदनाशामके आतड्यांतील ग्राहींवर कार्य करून मलाची पुढे सरकण्याची गती रोखतात. उलटी थांबविण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ओंडानसेट्रॉनमुळेही बद्धकोष्ठ होऊ शकतो.

४) क्षार व पाणी : रक्तातील पोटॅशियम कमी झाल्यास आतड्याचे स्नायू शिथिल पडतात. शिरेवाटे अतिरिक्त द्रव दिल्यास आतड्याच्या भित्तिकेस सूज येते, तर पाणी कमी पडल्यास मल कोरडा होतो.

५) उपवास व अंथरुणास खिळून राहणे : शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर मिळून दीड-दोन दिवस पोट रिकामे राहिल्यास आतड्यांना कार्यास लावणारी नैसर्गिक चेतनाच मिळत नाही.

ही यादी पाहिली असता असे लक्षात येते की, पहिल्या दोन कारणांवर रुग्णाचे नियंत्रण नाही, शेवटच्या तीन कारणांवर मात्र डॉक्टर, रुग्ण आणि कुटुंबीय यांचे बरेचसे नियंत्रण आहे.

पूर्ववत होण्याचा क्रम :

पचनमार्गाचे सर्व भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. लहान आतडे काही तासांत ते एका दिवसात, जठर एक ते दोन दिवसांत आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन ते तीन दिवसांत पूर्ववत होते, असा सर्वसाधारण क्रम पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या अभ्यासांतून सांगितला जातो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर हा काळ आणखी कमी असतो. बहुतेकांचा वारा पहिल्या दिवसात सरतो, शौचास मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा होते.

येथे एक साधा हिशेब ध्यानात घेणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी उपवास, नंतर पेज आणि पातळ खिचडी असा आहार असेल, तर मल तयार होण्यासाठी लागणारे साहित्यच अल्प असते. म्हणून वारा सरत असेल, पोट मऊ असेल, जेवण जात असेल आणि उलटी नसेल, तर दोन-तीन दिवस शौचास न होणे ही स्वाभाविक बाब होय.

कार्य पूर्ववत होण्यास साहाय्यक उपाय :

अ) लवकर पाणी व लवकर अन्न

'वारा सरल्याशिवाय तोंडात पाणीही घालायचे नाही' हा नियम अनेक दशके प्रचलित होता. डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात अशा अनेक रूढ नियमांची फेरतपासणी केली. उपवास कमी, अफूवर्गीय औषधे कमी, नळ्या कमी, लवकर अन्न व लवकर हालचाल असे अनेक छोटे उपाय एकत्र केल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांच्या कार्यातून पुढे आले व त्यातूनच शस्त्रक्रियोत्तर त्वरित पुनर्लाभाची संकल्पना जगभर रुजली. नाकातून जठरात घातलेली नळी सरसकट ठेवल्यास आतड्यांचे कार्य उलट उशिरा सुरू होते, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे.

यामागील तत्त्व असे की, अन्न हेच आतड्यांचे चेतक आहे. आतडी जागी झाल्यावर अन्न द्यावयाचे नसून, अन्नाने ती जागी करावयाची असतात. पित्ताशयाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पूर्ण शुद्धीवर आला व मळमळ नसेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीने काही तासांत घोट घोट पाणी आणि त्याच संध्याकाळी अथवा दुसऱ्या सकाळी हलका आहार देता येतो.

कडेगाव परिसरातील घरांत यासाठी लागणारे पदार्थ सहज उपलब्ध असतात. तांदळाची पेज, मुगाचे कढण, मऊ खिचडी, पातळ ताक, दुधी, दोडका व लाल भोपळ्याची कमी तेलातील भाजी यांनी आरंभ करावा. पुढे दोन-तीन दिवसांत शाळूची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून घेता येते. केळे व शहाळ्याचे पाणी यांतून पोटॅशियम मिळते, मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. तांबडा रस्सा, कांदा-लसूण मसाल्याची तर्री आणि तळीव पदार्थ पहिले काही आठवडे दूर ठेवावेत. त्याचे कारण ते कायमचे वर्ज्य आहेत असे नसून, कोठीविना सतत झिरपणाऱ्या पित्तरसाला एकदम आलेले भरपूर स्निग्ध अन्न पचविणे आरंभी जड जाते, हे होय. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे खाणे म्हणूनच हितावह ठरते. पुढे तेल-तुपाचे प्रमाण हळूहळू वाढवून बहुसंख्य रुग्ण नेहमीच्या आहारावर येऊ शकतात. वर्षभर तेल-तूप बंद ठेवण्यास शास्त्रीय आधार नाही, उलट अशा पथ्याने अशक्तपणा येतो.

आ) वेदनाशामकांचा विवेक

वेदना सहन करीत पडून राहणारा रुग्ण चालत नाही, दीर्घ श्वास घेत नाही व शौचास बसण्यासही घाबरतो. म्हणून वेदनाशामक टाळणे योग्य नव्हे. प्रश्न कोणते घ्यावे हा आहे. पॅरासिटामॉलसारख्या औषधांनी आतडी मंदावत नाहीत. चिठ्ठीवर ट्रामाडॉल असलेली गोळी असेल, तर ती किती दिवस घ्यावयाची व तिच्याऐवजी अन्य गोळी चालेल काय, हे घरी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आम्लपित्त, मूत्रपिंडाचे विकार अथवा दमा असलेल्यांनी इतर वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

इ) हालचाल

शस्त्रक्रियेच्या दिवशीच आधाराने उठून बसणे व चार पावले टाकणे, दुसऱ्या दिवसापासून अंगणात थोड्या थोड्या फेऱ्या मारणे इष्ट असते. येथे एक बाब स्पष्ट करणे उचित ठरेल. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांच्या विद्युत हालचाली प्रत्यक्ष मोजण्यात आल्या, तेव्हा लवकर चालल्यामुळे त्या लवकर पूर्ववत झाल्याचे आढळले नाही. तरीही चालणे आवश्यक आहे, कारण पायांतील रक्ताच्या गुठळ्या व फुप्फुसांचे विकार त्यामुळे टळतात. सारांश, केवळ चालून वारा सरेल या अपेक्षेने रुग्णास दमवू नये, तसेच वारा सरत नाही म्हणून त्यास झोपवूनही ठेवू नये.

ई) च्युइंगगम

तोंडात काही चघळले की मेंदूकडून जठर व आतड्यांना जेवण आल्याचा संदेश जातो. या तत्त्वावर शस्त्रक्रियेनंतर च्युइंगगम चघळण्याचे अनेक प्रयोग झाले आहेत. त्याचा लाभ दिसतो, परंतु तो थोडा आहे व जेथे अन्न लवकर सुरू केले जाते तेथे आणखी कमी होतो. याचा आधार घेऊन तंबाखू, मिश्री वा गुटखा यांचे समर्थन मात्र मुळीच होऊ शकत नाही.

उ) शौचाची सवय व इसबगोल

सकाळी कोमट पेय वा न्याहारी घेतल्यानंतर मोठ्या आतड्यात जोराच्या लहरी उठतात. त्या अर्ध्या तासात शौचास बसणे हा सर्वांत सोपा उपाय होय. सकाळच्या पहिल्या तासिकेसाठी घाईने घर सोडणाऱ्या अध्यापकवर्गास वेग दाबण्याची सवय जडलेली असते. रजेच्या काळात ती मोडणे शक्य आहे. कमोड वापरताना पायाखाली पाट घेतल्यास कुंथावे लागत नाही. पुरेशा पाण्यासह इसबगोल घेतल्यास मल मऊ होतो. तो कमी पाण्यात घेणे मात्र टाळावे.

बद्धकोष्ठाऐवजी जुलाब :

काही रुग्णांमध्ये याच्या उलट तक्रार आढळते. जेवणानंतर लगेच किंवा पहाटे पातळ शौचास होते. सतत उतरणाऱ्या पित्तरसातील आम्ले लहान आतड्याच्या अखेरच्या भागात बव्हंशी पुन्हा शोषली जातात. त्यांतील काही भाग मोठ्या आतड्यात पोहोचला की तेथे पाणी सुटते व मल पातळ होतो. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत वा महिन्यांत कमी होतो. स्निग्ध पदार्थ कमी करणे, थोडे थोडे खाणे, ताक व इसबगोल यांचा उपयोग होतो. त्रास टिकून राहिल्यास पित्ताम्ले बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिनसारखे औषध डॉक्टर देऊ शकतात. 'पित्ताशय काढले, आता असेच चालायचे' असे मानून हा त्रास वर्षानुवर्षे सोसणे अनावश्यक आहे.

टाळावयाच्या गोष्टी :

१) एरंडेल, तीव्र रेचके किंवा एनिमा यांचा वापर डॉक्टरांच्या सल्ल्याविना करू नये. पोटात गुंतागुंत झालेली असल्यास त्याने धोका वाढतो.

२) 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेणे शस्त्रक्रियेनंतर सर्वथा वर्ज्य समजावे.

३) उसाची मोळी, पाण्याची घागर, पोते यांसारखे वजन डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापर्यंत उचलू नये.

४) मधुमेह असलेल्या रुग्णाने आहार कमी असताना नेहमीची मात्रा स्वतःहून चालू किंवा बंद करू नये.

धोक्याची लक्षणे :

या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. मंदावलेली आतडी आणि शस्त्रक्रियेतील गुंतागुंत ही दोन्ही घरी सारखीच दिसू शकतात. पोट फुगते, भूक लागत नाही, वारा सरत नाही. फरक दिशेत असतो. मंदावलेली आतडी दिवसागणिक सुधारतात, गुंतागुंत दिवसागणिक वाढते. पित्तरसाची गळती, नलिकेत राहिलेला खडा किंवा आतड्यास झालेली इजा ही क्वचित घडणारी, परंतु पुष्कळदा घरी गेल्यानंतरच, पहिल्या आठवड्यात लक्षात येणारी संकटे आहेत.

म्हणून पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा : कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी, पोट ताठ होणे, वारंवार उलट्या, पोट फुगलेले असताना वारा व शौच दोन्ही बंद होणे, ताप किंवा थंडी, डोळे पिवळे होणे, लघवी गडद व मल पांढुरका होणे, जखमेतून हिरवट-पिवळा स्राव किंवा पू येणे, एका पोटरीस सूज येणे. धाप लागणे, छातीत दुखणे, नाडी फार जलद चालणे किंवा ग्लानी येणे ही लक्षणे असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कडेगावहून मोठे रुग्णालय गाठण्यास लागणारा वेळ विचारात घेता, 'सकाळपर्यंत वाट पाहू' हा निर्णय महागात पडू शकतो. रुग्णालय सोडतानाच दूरध्वनी क्रमांक, औषधांची नावे व पुढील तपासणीची तारीख एका कागदावर लिहून घेणे, ही साधी गोष्ट अशा वेळी अत्यंत उपयुक्त ठरते.

महाविद्यालयाची भूमिका :

ग्रामीण भागातील प्राध्यापकाकडे विद्यार्थी व पालक अनेक प्रकारचे सल्ले मागतात. औषध सुचविणे हे त्याचे काम नव्हे, परंतु रूढ समजुती आणि शास्त्रीय माहिती यांतील अंतर दाखवून देणे हे निश्चितच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात स्थानिक डॉक्टरांच्या साहाय्याने शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेवर एखादे सत्र घेता येईल. वर दिलेल्या धोक्याच्या लक्षणांचे मराठी पत्रक तयार करून ते डॉक्टरांकडून तपासून घेऊन गावोगाव पोहोचविता येईल. असे पत्रक घरातील स्त्रियांच्या हाती पडणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण रुग्णाचे पथ्यपाणी बहुधा त्याच सांभाळतात. रुग्ण जेव्हा ती स्वतःच असते, तेव्हा तिला विश्रांती, पुरेसे अन्न आणि वजन न उचलण्याची मुभा मिळते की नाही, याकडेही लक्ष वेधले पाहिजे.

समारोप :

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ मंदावणे ही शरीराची अपेक्षित प्रतिक्रिया आहे. आतडी जागी होण्याची वाट पाहत उपाशी राहण्यापेक्षा, डॉक्टरांच्या अनुमतीने लवकर सुरू केलेले पाणी व हलका आहार, अफूवर्गीय औषधांचा मर्यादित वापर, नियमित हालचाल आणि शौचाची वेळ पाळणे यांनी ती लवकर कार्यरत होतात. पथ्य काही आठवड्यांचे असते, जन्मभराचे नसते. मात्र दिवसागणिक सुधारणा होत नसून त्रास वाढत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठणे हेच योग्य होय. रुग्णालयातील वास्तव्य जितके कमी होईल, तितकी कुटुंबाची जबाबदारी वाढणार आहे. ती पेलण्यासाठी लागणारे ज्ञान सोप्या मराठीत घरोघरी पोहोचविणे, ही आजची गरज आहे.